किती देते? घोडबंदर ते महापे, चौदा महिने विजेवर

ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलला शेजारी एक स्प्लेंडरवाले काका येऊन थांबले. आधी हिरवी नंबरप्लेट बघितली, मग वाकून सायलेन्सर शोधला, तो काही सापडला नाही, मग हेल्मेटची काच वर करून आपला सगळ्यांचा लाडका प्रश्न विचारला, "किती देते?"

मी म्हटलं फुल चार्जला शंभर.

"शंभर? बास?" काका खरंच हळहळले. "माझी साठ देते लिटरला, टाकीत नऊ लिटर बसतं. कर हिशोब." आणि सिग्नल सुटला.

हिशोब काय करायचा, पाचशेचाळीस होतात, काका बरोबरच होते. पण पाचशेचाळीसमध्ये जवळजवळ गोवा येतं आणि मला जायचं असतं नवी मुंबईत महापेला. कासारवडवली ते महापे माझ्या मीटरवर २४ किलोमीटर, जाऊन-येऊन ४८, आठवड्यात पाच दिवस आणि कधी कधी शनिवार. गेले चौदा महिने हे अंतर मी इलेक्ट्रिक बाइकवर कापतोय, आणि या चौदा महिन्यांत शंभर माणसांनी मला "किती देते" विचारलं असेल, पण "लावतोस कुठे चार्जिंगला" हे विचारणारे चार-पाचच भेटले. खरा प्रश्न तोच आहे. त्यावर येतो, पण आधी ही गाडी घेतलीच का ते सांगतो, कारण लोकांना वाटतं मी झाडंबिडं वाचवायला घेतली.

घेतली मनगटासाठी. आधीची १२५ सीसी नऊ वर्षं चालवली, चांगली होती बिचारी, पण घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून वाघबीळ ते माजिवडा हा पट्टा म्हणजे क्लच दाबा, पहिला टाका, दहा फूट जा, क्लच दाबा, न्यूट्रल, परत क्लच. एकदा संध्याकाळी गंमत म्हणून मोजायला लागलो, मानपाडा यायच्या आत दोनशेच्या पुढे गेलो आणि मोजणं सोडलं. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं, डबा उघडताना कळ यायची. डॉक्टर म्हणाले हाताला विश्रांती द्या. म्हटलं हाताला देतो हो, पण रोडला कोण सांगणार.

तर क्लच नको हे ठरलं. मग घरात पहिला सवाल, मग स्कूटर घे ना, सरळ. बायकोचं म्हणणं अगदी रास्त होतं, स्कूटरला पाय ठेवायला जागा, भाजीची पिशवी मावते, सीटखाली रेनकोट जातो, आणि इलेक्ट्रिकमध्ये चॉइसही सगळा स्कूटरमध्येच आहे, बाइक म्हणाल तर बोटावर मोजण्याइतक्या. आपल्याकडे इलेक्ट्रिक बाइक मागे पडल्या त्याचं साधं कारण म्हणजे स्कूटरच्या पोटात आणि फ्लोअरबोर्डखाली बॅटरीला आयती जागा असते, बाइकमध्ये इंजिनच्या जागी सगळं कोंबावं लागतं आणि परत वजन नीट मधोमध राहिलं पाहिजे. मी बाइकवर अडून बसलो ते चाकांसाठी. स्कूटरला दहा-बारा इंची चाकं, बाइकला सतरा इंची. घोडबंदर रोड ऑगस्टमध्ये ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. जो खड्डा सतरा इंची चाक गिळून पुढे जातं त्याच खड्ड्यात बारा इंची चाक उतरतं आणि मग मणका ओरडतो. शिवाय गुडघ्यात टाकी धरून बसायची वीस वर्षांची सवय. टाकी म्हणजे आता नुसतं टोपण आहे, आत एक छोटी डबी, त्यात माझा पातळ रेनकोट मावतो, जेवणाचा डबा मावत नाही. तो पाठीवर. बायकोचा भाजीच्या पिशवीचा मुद्दा आजही तिच्याच बाजूने उभा आहे, दर रविवारी ती तो काढतेच.

पहिला आठवडा मजेत गेला. डाव्या हाताला लिव्हरच नाही, पण सिग्नल दिसला की चार बोटं आपोआप हवेत मिटायची. डावा पाय गिअर शोधायचा. आणि आवाज नसल्यामुळे गाडी चालू आहे की बंद हे कळत नाही, ते लक्षात न राहून मी पार्किंगमध्ये उभ्या उभ्या गाडी मागे ओढताना ॲक्सिलरेटरवरच हात ठेवला आणि सोसायटीच्या कुंडीवर चढलो. तुळशीची नव्हती एवढंच नशीब.

आता रेंज. ब्रोशरवर पावणेदोनशेच्या आसपासचा आकडा होता, मला मिळतात शंभर ते एकशे दहा. म्हणजे फसवलं का? तसं म्हणता येणार नाही, कारण तो आकडा ज्या टेस्टमध्ये निघतो ती इंडियन ड्रायव्हिंग सायकल नावाची भानगड आहे, त्यात वेग ताशी ४२ च्या वर जातच नाही आणि सरासरी बावीसच्या आसपास असते. लॅबमध्ये रोलरवर गाडी, समोरून वारा नाही, मागे बायको नाही, मग देणारच ना ती. आपण ठाणे-बेलापूर रोडला लागलो की पासष्ट-सत्तरने जातो. वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा चौपट होतो, आणि बॅटरी तिथे जाते. माझी बॅटरी चार युनिटची, म्हणजे चार हजार वॉट-अवरची आहे, मला सरासरी किलोमीटरला ३८ ते ४० वॉट-अवर लागतात, म्हणजे गणित शंभरावरच येऊन थांबतं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो ब्रोशरच्या आकड्याला साठ टक्क्यांनी गुणा आणि तिथून विचार सुरू करा.

यातली एक गोष्ट मला आधी उलटीच वाटली होती. पेट्रोलच्या गाडीला ट्रॅफिक म्हणजे शाप, उभ्या उभ्या पेट्रोल जळतं. इलेक्ट्रिकचं वेगळं, उभी राहिली की मोटर काहीच खात नाही, नुसता डिस्प्ले आणि लाइट, आणि हळू चालली की कमी खाते, ॲक्सिलरेटर सोडला की थोडं परत बॅटरीत टाकते. म्हणजे पातलीपाडा ते कापूरबावडी चाळीस मिनिटं अडकलो त्या दिवशी घरी आल्यावर चार्ज जास्त उरलेला असतो आणि कळव्याचा पूल, विटावा, दिघा, ऐरोली सगळं मोकळं मिळालं त्या दिवशी कमी. डोकं तेवढंच फिरतं, ते काही बॅटरीवर चालत नाही.

रोजच्या कामाला रेंज पुरते, विषय संपला. दोन दिवसांतून एकदा रात्री प्लग लावतो, भरायला साडेपाच तास, सकाळी तयार. घोळ होतो तो रोजचं नसतं तेव्हा, आणि माझा झालाय.

सासुरवाडी पनवेलला. गाडी घेऊन अडीच महिने झालेले, मला शिंगं फुटलेली, म्हटलं आज हिच्यावरच जाऊ. कासारवडवली ते पनवेल पंचेचाळीस, जाऊन-येऊन नव्वद, आपली शंभर देते, बसतंय की गणितात. फक्त गणितात बायकोचं वजन धरायला विसरलो, हे मी तिच्यासमोर कधीही बोललेलो नाही. त्यात नेरूळहून पाम बीच रोडला लागलो, डिसेंबरची सकाळ, रस्ता रिकामा, गाडीला पिकअप असा की हात आवरत नाही. पनवेलला पोचलो तेव्हा ४४ टक्के.

सासरे म्हणाले, "लाव की चार्जिंगला." ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, खाली प्लग नाही, ते म्हणाले गॅलरीतून एक्स्टेन्शन सोडतो, आणि खरंच पंख्यामागचा गुंडाळा काढून सोडायलाही लागले. तेव्हा मी सांगितलं की चार्जर घरी राहिलाय. म्हणजे सांगितलं नाही, मी म्हटलं "गरज नाही हो बाबा, भरपूर आहे."

परत येताना तुर्भ्याला १९ टक्के. गाडीने स्वतःच वेग कमी केला, कितीही पिळा, चाळीसच्या वर जाईना. घणसोलीच्या पुलावर मागून टेम्पोवाला हॉर्न देतोय आणि आम्ही वरातीसारखे चाललोय. ऐरोलीला १० टक्के. मोबाइलवर चार्जिंग स्टेशन शोधली, जवळ दोन निघाली, एकाच्या तिथे गेलो तर ते मोटारीचं, सीसीएस टू नावाची मोठी बंदूक, ती बाइकला लागत नाही. हे आपल्याकडचं एक मोठं दुखणं आहे, मोटारींचं कनेक्टर बऱ्यापैकी एक झालंय पण दुचाकींचं प्रत्येक कंपनीचं आपलं आपलं. २०२३ मध्ये बीआयएसने (भारतीय मानक संस्थेने) हलक्या गाड्यांसाठी एक भारतीय कनेक्टर मंजूर केलंय, पण सगळ्या कंपन्यांनी एकच वापरलं असं अजून झालेलं नाही, त्यामुळे नकाशावर हिरवे ठिपके दहा दिसले तरी आपल्या कामाचा एखादाच.

मग आम्ही निर्णय घेतला. म्हणजे हिने घेतला. ऐरोलीलाच ती उतरली, रिक्षा केली आणि गेली. मी एकटा, पंचवीसच्या स्पीडने, डाव्या कडेने, विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून, कळवा, साकेत, माजिवडा. आणि तिथे मला पहिल्यांदा वेगाचा हिशोब अंगावर काटा येईल असा कळला, कारण पंचवीसच्या वेगाने दहा टक्क्यांत पंधरा-सोळा किलोमीटर निघाले. सकाळी पाम बीचवर दहा टक्क्यांत जेमतेम आठ निघाले होते. सोसायटीच्या गेटमध्ये शिरलो तेव्हा डिस्प्लेवर १ टक्का. ही गॅलरीत चहाचा कप घेऊन उभी. काही बोलली नाही, नुसता कप दाखवला.

तेव्हापासून चार्जर बॅगेत असतो, लांब जायचं असलं की. अडीच-तीन किलोचं धूड आहे, पण असतो.

आता प्लग.

आमची बिल्डिंग सात मजली, खाली स्टिल्ट पार्किंग, मी चौथ्या मजल्यावर. माझ्या गाडीची बॅटरी काढता येत नाही, म्हणजे वीज खाली हवी. शोरूममध्ये विचारलं तर म्हणाले काही नाही सर, साधा पंधरा अँपियरचा पॉवर प्लग लागतो, गिझरसारखा. बरोबर आहे, तांत्रिकदृष्ट्या एवढंच लागतं. पण तो प्लग पार्किंगमध्ये लावायचा म्हणजे सोसायटी आली, आणि सोसायटी आली की एजीएम, म्हणजे वार्षिक सभा आली.

पहिले सव्वादोन महिने मी ऑफिसमध्ये चार्ज करत होतो. महापेला आमच्या गाळ्याच्या मागे कॉम्प्रेसरजवळ एक पॉइंट आहे, मालकांनी परवानगी दिली, महिन्याला पाचशे कापून घ्या म्हटलं तर हसले. पण एमआयडीसीत दुरुस्तीला लाइट गेली की गेली, आणि सुट्ट्या जोडून आल्या की सोमवारी निघताना पोटात गोळा. आपल्या गाडीचं पेट्रोल दुसऱ्याच्या अंगणात, हे काही खरं नाही.

एजीएममध्ये विषय निघाला तेव्हा पहिली भीती आगीची. आणि ती भीती उगाच नव्हती हे मला मान्य आहे, २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या ग्रुपवर फिरले होते, त्यातला एक तर आपल्या पुण्याचा. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या टेस्ट कडक केल्या, एआयएस १५६ नावाचं जे स्टँडर्ड आहे त्यात सेल, चार्जर, बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम सगळ्याच्या अटी वाढवल्या, पहिला टप्पा डिसेंबर २०२२ पासून, दुसरा मार्च २०२३ अखेरपासून. मी हे सगळं प्रिंट काढून नेलं होतं. कुणी वाचलं नाही. मग मी म्हटलं तुमच्या प्रत्येकाच्या बाथरूममध्ये दोन हजार वॅटचा गिझर आहे, माझा चार्जर नऊशे वॅटचा आहे. हे मात्र लागू पडलं. एक काकू म्हणाल्या, "अय्या, मग मिक्सरसारखाच की." मिक्सर काही साडेपाच तास चालवत नाही कुणी, पण मी गप्प बसलो, विजय जवळ होता.

दुसरी भीती, लाइटबिल कोण भरणार. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांचा जो कॉमन मीटर असतो त्यावरून मी चोरून भरणार असं दोघांना अगदी मनापासून वाटत होतं. तर यावर तोडगा आमच्या वायरमनने काढला आणि तो इतका साधा आहे की ज्याला ही गाडी घ्यायचीय त्याने गाडी बघायच्या आधी हे बघावं. बहुतेक बिल्डिंगमध्ये सगळ्या फ्लॅटचे मीटर तळमजल्याच्या मीटररूममध्ये असतात. तुमचा मीटरही तिथेच असतो. तिथून तुमच्या मीटरच्या पुढे एक वेगळी वायर काढायची, स्वतंत्र एमसीबी आणि ईएलसीबी (लोड जास्त झाला किंवा करंट गळला की लाइन तोडणारे स्विच) टाकायचा, पाइपातून तुमच्या पार्किंगपर्यंत न्यायची. बिल तुमच्याच नावावर, सोसायटीचा पैसा एक नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही लिहिलंय की घरच्या चालू कनेक्शनवरून गाडी चार्ज करता येते, वेगळं कनेक्शन घ्यायची सक्ती नाही. सेक्रेटरी काकांनी तो एक परिच्छेद मात्र चष्मा लावून दोनदा वाचला आणि एनओसीवर सही केली.

मीटररूम ते माझी जागा बावीस मीटर. वायर, पाइप, बॉक्स, मजुरी धरून सहा हजार आठशे गेले. कुठल्याही रिव्ह्यूत हे सहा हजार आठशे धरलेले मला दिसले नाहीत.

आणि लावल्यावर तिसऱ्याच दिवशी सकाळी सव्वासातला खाली आलो तर ३१ टक्के. रात्रभर प्लग लावलेला, बटण बंद. खेळता खेळता पोरांनी दाबलं असणार, कुणाला काय बोलणार. त्या दिवशी रिक्षा, ट्रेन, परत रिक्षा, लेट मार्क. मग कुलपाचा पत्र्याचा डबा बसवला, चारशे रुपये अजून. चावी गाडीच्याच जुडग्यात आहे. रात्री डबा उघडायचा, प्लग खोचायचा, हिरवा दिवा लुकलुकला की कुलूप लावायचं, वायर दाराच्या खाचेतून बाहेर. देवाला दिवा लावल्यासारखं झालंय ते आता, विसरलो तर झोप लागत नाही.

काढता येणारी बॅटरी हा यावरचा उपाय आहे असं शोरूमवाले सांगतात, आणि काहींना तो खरंच आहे. माझ्या एका मित्राची तशी आहे, कोपरखैरण्याला जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, खाली पार्किंग असं नाहीच, गाडी रस्त्यावर, बॅटरी घरात. तिसरा मजला, लिफ्ट नाही. रोज संध्याकाळी तो वीसेक किलोचा ठोकळा हँडलला धरून वर नेतो, प्रत्येक मजल्यावर हात बदलतो. त्याच्या आईने बॅटरीसाठी हॉलमध्ये वेगळं पायपुसणं टाकलंय. एकदा पाठीत उसण भरली तर चार दिवस बसने गेला, बॅटरी चार्ज होती, उचलायलाच माणूस नव्हता. आणि ज्याचं घर चाळीत, गावठाणात, जिथे रात्री गाडी लावायलाच जागा शोधावी लागते, त्याला मी आजच्या तारखेला ही गाडी घे म्हणून सांगणार नाही. तिथे पेट्रोल पंप कोपऱ्यावर आहे आणि दोन मिनिटांत काम होतं, उगाच त्याला अडाणी ठरवण्यात अर्थ नाही.

पैशाचं सांगतो पटकन. महिन्याला माझे साडेअकराशे किलोमीटर होतात. जुनी गाडी या ट्रॅफिकमध्ये पन्नास द्यायची, म्हणजे तेवीस लिटर, तेव्हाच्या १०३-१०४ रुपयांनी चोवीसशेच्या आसपास. आता भिंतीतून साधारण पन्नास युनिट जातात (चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के गरम होऊन वाया जातात तेही धरून). यात एक मेख आहे. महावितरणचं घरगुती बिल स्लॅबचं असतं, शंभरपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, आणि गाडीचे पन्नास युनिट हे नेहमी वरच्या टोकाला जोडले जातात. माझं घर दोनशे सत्तरच्या आसपास असतं, त्यामुळे तीस युनिट एका दराने आणि वीस त्याच्या वरच्या. ज्याच्या घरी दोन एसी आहेत आणि बिल आधीच पाचशे युनिटला टेकलंय त्याला हीच गाडी जास्त महाग पडेल. मला सहाशे-साडेसहाशे पडतात. महिन्याला अठराशे वाचतात असं धरा.

गाडी मला ऑनरोड एक लाख बासष्टला पडली, तशीच पेट्रोलची तेव्हा एक लाख आठच्या आसपास होती. चोपन्न हजारांचा फरक, अधिक प्लगचे सात, म्हणजे फिटायला तीनेक वर्षं. आधी घेतलेल्यांचं चांगलं झालं, जून २०२१ ते मे २०२३ पर्यंत केंद्राच्या फेम टू योजनेत बॅटरीच्या युनिटमागे १५ हजार सबसिडी होती, मला नंतरच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत एकूण दहा हजार मिळाले, एप्रिल २०२५ पासून तीही अर्धी झाली. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, इलेक्ट्रिकचा पाचच राहिला. म्हणजे समोरची गाडी आठेक हजारांनी स्वस्त झाली आणि आपली सबसिडी पाच हजारांनी कमी. त्यानंतर घेणाऱ्याचा हिशोब माझ्यापेक्षा सातेक महिने लांबला. रोज पंधरा किलोमीटर चालवणाऱ्याने तर पैशासाठी घेऊच नये, त्याचे पैसे फिटेपर्यंत गाडी म्हातारी होईल. रीसेलचं विचारू नका, एका एजंटला सहज विचारलं तर तो आकडा न सांगता पान थुंकून आला.

(नव्या राज्य धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना अटल सेतू आणि एक्सप्रेसवेवर टोलमाफी आहे म्हणून ऑफिसात एकाने माझं अभिनंदन केलं. अरे बाबा, दोन्हीकडे दुचाकी नेऊच देत नाहीत.)

पावसाळा हा माझ्या बायकोचा आणि आईचा एकत्र प्रश्न होता, शॉक बसेल का. नाही बसत. बॅटरी आणि मोटर आयपी ६७ असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून तपासलेली. उलट सायलेन्सर नाही, एअर फिल्टर नाही, त्यामुळे पाणी ओढून बंद पडायची भीती नाही. तरी विटाव्याच्या पुलाखाली गुडघाभर पाणी साचतं तेव्हा मी जात नाही, पाणी खालचं मॅनहोल दाखवत नाही, त्याला गाडी पेट्रोलची की विजेची हे माहीत नसतं. जुलैत मुलुंडवरून ऐरोलीच्या पुलाने जातो, चार-पाच किलोमीटर जास्त पडतात, रेंज असते, परवडतं.

पावसाने मोटरला काही केलं नाही, डिस्प्लेला केलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात स्क्रीनमध्ये वाफ धरली आणि एका सकाळी स्क्रीन काळी. गाडी चालते पण वेग दिसत नाही, चार्ज किती दिसत नाही. सर्व्हिस सेंटरला नेली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण इतर दोन कंपन्यांच्या गाड्या असलेल्या ओळखीच्यांनीही हेच रडगाणं सांगितलंय. पार्ट नाही, ऑर्डर टाकलाय, दोन दिवसांत येईल. ते दोन दिवस अकरा दिवस चालले. रोज फोन केला, रोज नवीन मुलाने उचलला, रोज मी पहिल्यापासून गाडी नंबर सांगितला. जुन्या गाडीचं असं काही झालं की मानपाड्याच्या नाक्यावरचा मेकॅनिक कानाला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकायचा आणि अर्ध्या तासात गाडी हातात द्यायचा. याला मी ही नवी गाडी दाखवली तर त्याने आदराने एक फेरी मारली आणि म्हणाला, "साहेब, हिच्यात ऐकायचं काय?" तो आता फक्त टायरची हवा आणि ब्रेक बघतो. ब्रेकपॅड मात्र अजून बदललेले नाहीत, निम्मं ब्रेकिंग मोटरच करते, आणि ऑइलचा खर्च शून्य. पण ते अकरा दिवस मी विसरलेलो नाही. गाडी रोजची असेल तर सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे आणि तिथे बाहेर किती गाड्या धूळ खात उभ्यात हे स्वतः जाऊन बघा, टेस्ट राइड नंतर.

मनगट दुखायचं थांबलं, ते सांगायचं राहिलंच. तीन महिन्यांत थांबलं. डबा उघडतो, झाकण घट्ट असलं तरी.

बिल्डिंगमध्ये आता पाच इलेक्ट्रिक दुचाकी झाल्यात, चार स्कूटर आणि मी. सगळ्यांनी मीटररूममधून माझ्यासारखीच वायर ओढली, आणि गेल्या महिन्यात वायरमनने पॅनल उघडून दाखवलं, पाचपैकी चार वायरी एकाच फेजवर (बिल्डिंगला येणाऱ्या तीन लाइनींपैकी एकीवर) आल्यात, आणि रात्री अकराला सगळ्यांचे चार्जर आणि एसी एकदम सुरू होतात तेव्हा त्या फेजची केबल वरून हात लावल्यावर कोमट लागते. फेज वाटून घ्यायच्या, मेन केबल जाड करायची का, आणि करायची तर खर्च पाच जणांनी करायचा की अठ्ठावीस फ्लॅटनी, यावर रविवारी अकरा वाजता मीटिंग आहे. ज्यांनी एजीएममध्ये आगीचा मुद्दा काढला होता त्यांचीच पाचवी स्कूटर आहे, त्यामुळे ते यावेळी आमच्या बाजूने बोलणार आहेत. समोसे मी आणतोय.